ताटातला भात कोणी कमी करावा?

कर्बोदके आणि साखर कमी करून वजन उतरवण्याच्या आहारपद्धतीची चर्चा बहुधा ती गुणकारी आहे की नाही या एकाच प्रश्नाभोवती फिरत राहते. ती कोणाला सांगावी, कोणाला सांगू नये आणि सांगणाऱ्यावर त्यामुळे कोणती जबाबदारी येते, हा प्रश्न मागेच पडतो. धान्यातले पिष्ट, फळांतली व दुधातली शर्करा आणि उसाची साखर या सर्वांना मिळून कर्बोदके म्हणतात. पचनानंतर त्यांचे मुख्यतः ग्लुकोज होते, रक्तातले ग्लुकोज वाढले की स्वादुपिंडातून इन्सुलिन हे संप्रेरक स्रवते, आणि खर्चून उरलेली ऊर्जा शेवटी चरबीच्या रूपाने साठवली जाते. कर्जत आणि खालापूर या रायगडच्या आतल्या तालुक्यांत कर्बोदके म्हणजे प्रामुख्याने भात, आणि शेत, स्वयंपाकघर व सणवार या तिन्ही ठिकाणी भातच असल्यामुळे आहाराचा सल्ला येथे केवळ दवाखान्यापुरता राहत नाही.

पुढील संवाद या प्रश्नाचे पदर सुटे करून पाहण्यासाठी रचलेला आहे. त्यातील आत्या ही कर्जत तालुक्यातील निवृत्त शिक्षिका असून तिच्या घरची शेती राजनाल्याच्या भिजणीत येते. भिवपुरीच्या जलविद्युत केंद्रातून १९२२ पासून बाहेर पडणारे पाणी या कालव्यातून खाचरांत खेळत असल्याने तिथे उन्हाळी भाताचे दुसरे पीकही निघते. भाचा खोपोलीत दवाखाना चालवतो. आत्याचे वजन वाढले आहे, रक्तशर्करा मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहे, आणि भाच्याने तिला साखर बंद व भात निम्म्याहून कमी करण्यास सांगितले आहे. दोन्ही व्यक्ती कल्पित आहेत. त्यांच्याभोवतीची परिस्थिती मात्र कल्पित नाही.

आत्याचा पहिला आक्षेप इतिहासाच्या आधारे येतो. "या घरात सकाळी तांदळाची भाकरी, दुपारी भात, रात्री पुन्हा भात आणि आजारपणात पेज, असे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. तुझे आजोबा थाळा भरून भात खात आणि त्यांच्या बरगड्या मोजता येत. मग आज अचानक भातच आरोपी कसा झाला?"

"आत्या, आजोबांचा भात सांगतेस, पण त्यांचा दिवस सांगत नाहीस," भाचा म्हणतो. "उन्हाळ्यात राब भाजायचा, पावसात नांगरामागे गुडघाभर चिखलात चिखलणी करायची, दिवसभर कमरेत वाकून आवणी करायची, कापणीनंतर भारे डोक्यावरून खळ्यात आणायचे आणि मग झोडणी. आता नांगराच्या जागी पॉवर टिलर आला, आवणीला मजूर लागतात, घरातली तरुण मंडळी पहाटेची लोकल धरून शंभर किलोमीटरवरच्या मुंबईत खुर्चीवर बसायला जातात. पूर्वी तांदूळ घरी कांडला जाई, त्यामुळे कोंड्याचा काही अंश दाण्याला राही. आता तो पांढराशुभ्र होऊन गिरणीतून येतो. श्रम गेले आणि थाळा तेवढाच राहिला."

"तसे असेल तर उपाय श्रम वाढवण्याचा हवा, भात कमी करण्याचा का?"

भाच्याचे उत्तर हिशेबाचे आहे. पाऊण तास भरभर चालल्याने साधारण दोनशे उष्मांक खर्च होतात, आणि शिजलेल्या दीडशे ग्रॅम भातात जवळपास तेवढेच उष्मांक असतात. म्हणजे चालून आल्यावर एक मोठी वाटी भात जास्त घेतला की सकाळची सगळी चाल वाया गेली. चालण्याने हृदय, स्नायू आणि इन्सुलिनचा परिणाम सुधारतो हे खरे, परंतु केवळ चालून वजन उतरवण्याची आशा बहुतेकांची फोल ठरते.

येथे आत्या प्रमाण मागते आणि भाचा ते प्रामाणिकपणे देतो, अगदी स्वतःच्या बाजूला गैरसोयीचे असूनही. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका चाचणीत ६०९ प्रौढांपैकी काहींना कमी कर्बोदकांचा आणि काहींना कमी स्निग्धांशाचा आहार वर्षभर दिला गेला. दोन्ही गटांना साखर आणि मैदा टाळून भाज्या व साधे अन्न खाण्यास सांगितले होते. वर्षअखेरीस पहिल्या गटाचे वजन सरासरी ६ किलोने आणि दुसऱ्याचे ५.३ किलोने उतरले, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने नगण्य ठरला. पहिल्या आठवड्यात काटा जो झपाट्याने खाली येतो त्याचेही गूढ फारसे नाही, कारण यकृतात व स्नायूंत ग्लायकोजेन या रूपाने साठलेल्या पिष्टाच्या प्रत्येक ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेले असते, आणि पिष्ट संपले की ते पाणी निघून जाते.

"म्हणजे तुझ्याच साक्षीदाराने भाताला निर्दोष सोडले," आत्या म्हणते.

"वजनापुरते सोडले, रक्तशर्करेचा खटला वेगळा आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीप्रमाणे आपल्याकडच्या माणसाला सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून मिळते, आणि त्यातला मोठा वाटा सडीक तांदूळ, दळलेला गहू आणि साखरेचा असतो. ज्या ताटात मुळात डाळ पातळ आणि अंडे-मासळी क्वचित, त्या ताटातला भात कमी करणे म्हणजे बिघडलेला तोल सावरणे आहे."

महाराष्ट्रात हा विचार घरोघरी पोहोचला तो मुख्यतः डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या व्याख्यानांमुळे आणि पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या प्रचारामुळे. त्यांच्या पद्धतीत भर काय खावे यापेक्षा किती वेळा खावे यावर आहे. दिवसातून दोनच वेळा, प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांच्या आत, म्हणजे इन्सुलिन वारंवार स्रवणार नाही, असे ते मांडतात. तिची कीर्ती शास्त्रापेक्षा सोयीमुळे पसरली असे म्हणण्यास जागा आहे, कारण तिला वेगळा बाजार लागत नाही; पण खर्च न वाढवता पाळता येणारा नियम हाही एक गुणच आहे. उलट आपल्याकडचा उपवास पाहिला, तर साबुदाणा हे जवळजवळ निव्वळ पिष्ट, सोबत रताळे, बटाटा आणि साखर घातलेले दही, असा तो कर्बोदकांचा उत्सवच असतो, आणि एकादशी दुप्पट खाशी या म्हणीतला टोमणा आहारशास्त्रालाही मान्य होण्यासारखा आहे.

आत्या शिक्षिका असल्यामुळे जुन्या ग्रंथांकडे वळते, आणि तिथे तिला अपेक्षित आधार मिळत नाही. चरकसंहितेत प्रमेहाची, म्हणजे ज्यात मधुमेहाचाही समावेश होतो त्या रोगसमूहाची, कारणे सांगताना बसून व झोपून राहण्याचे सुख आधी येते, मग दही, दूध, नवे धान्य आणि गुळाचे पदार्थ येतात. आणि अतिस्थूल माणसासाठी पचायला जड पण पोषण कमी करणारे अन्न सांगताना श्यामाक, कोद्रव, जव, मूग आणि कुळीथ यांची नावे येतात. कर्जतच्या डोंगरउतारावर ठाकर आणि कातकरी जी वरी पिकवतात, ती या यादीपासून दूर नाही, आणि कुळथाचे पिठले तर कोकणच्या घरात अजून आहेच.

"मग भाताऐवजी नाचणी-वरी खाल्ली की प्रश्न मिटला," आत्या म्हणते.

"नाही मिटत. नाचणीतही दोन तृतीयांश कर्बोदकेच असतात. तंतू आणि कॅल्शियम जास्त म्हणून ती चांगली, पण तीन भाकऱ्या खाल्ल्या तर हिशेब तिथेच येतो. आपल्या वालात आणि कुळथातसुद्धा निम्म्याहून अधिक कर्बोदके आहेत. फरक एवढाच की त्यांत शंभर ग्रॅममागे वीस ग्रॅमहून अधिक प्रथिने येतात आणि ग्लुकोज सावकाश सुटते. म्हणून पाश्चात्त्य पुस्तकांतला कडक नियम, ज्यात दिवसभरात पन्नास ग्रॅमही कर्बोदके चालत नाहीत, तो डाळ-उसळ खाणाऱ्या घराला लागूच पडत नाही. या घरापुरते सांगायचे तर भात एक वाटी, बिरडे दोन वाट्या, आणि चहातली साखर बंद."

येथपर्यंत भाच्याची बाजू भक्कम आहे. ती कच्ची पडते ती आत्याच्या पुढच्या प्रश्नाने, जो प्रयोगशाळेत कधी विचारला जात नाही. "बिरडे दोन वाट्या म्हणालास. कडवे वाल रात्री भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात घालून एकेक दाणा सोलायचा. एका माणसाच्या दोन वाट्यांसाठी अर्धा तास कोण बसणार? भात चुलीवर ठेवला की आपला शिजतो. तुझा कागद वाचून घरातल्या पुरुषाचे वजन उतरेल, आणि त्याचे वेगळे ताट रांधताना घरातल्या बाईची झोप उतरेल."

हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आहाराचा सल्ला एका शरीराला दिला जातो, पण तो अमलात आणते एक घर, आणि त्या घरातले श्रम समान वाटलेले नसतात. भाचा निरुत्तर होऊन एवढेच सुचवतो की वेगळे ताट करूच नये, सगळ्या घराचे ताट बदलावे आणि सोलायला सगळ्यांनी बसावे. सूचना न्याय्य आहे. ती पाळली जाईल असे मानणे मात्र भाबडेपणाचे ठरेल, आणि आत्याही ते जाणून गप्प राहते.

यानंतर संवाद खऱ्या पेचापाशी येतो. आत्या विचारते, "तुझ्या दवाखान्यात सकाळी फार्महाऊसवाला येतो, त्याला तू भात सोड म्हणतोस. दुपारी वाडीवरची कातकरी बाई अंगावरचे सुकलेले मूल घेऊन येते, तिला पोटभर भरव म्हणतोस. दोन्ही सल्ले एकाच दिवशी खरे कसे? आणि तुझ्या भिंतीवरचा भात टाळा हा तक्ता तीही वाचून घेते, त्याचे काय?"

"सल्ला शरीर पाहून द्यायचा असतो, आत्या. एकाला जे औषध ते दुसऱ्याला विष, हे वैद्यकात नवे नाही."

"पण ती दोन शरीरे खरोखर वेगळी आहेत का?"

या प्रश्नाचे उत्तर पुण्यातूनच मिळते, आणि ते भाच्याच्या सोप्या विभागणीला तडा देते. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुणे जिल्ह्यातील खेड्यांत गरोदर मातांचा दीर्घ अभ्यास सुरू केला. त्यातून असे दिसले की येथील नवजात बाळे वजनाने हलकी असूनही त्यांच्या अंगावर चरबीचे प्रमाण टिकून असते, आणि कमी पडतात ते स्नायू व आतले अवयव. पुढे २००४ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये त्यांचे आणि जॉन युडकिन या ब्रिटिश डॉक्टरांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले गेले: दोघांचाही उंचीच्या तुलनेतील वजनाचा निर्देशांक २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. काट्यावर सडपातळ दिसणारा भारतीय आतून तसा नसतो, आणि गर्भात उपासमार सोसलेल्या शरीराला पुढे जरा सुबत्ता आली की मधुमेह लवकर गाठतो, असा या अभ्यासांचा रोख आहे.

"म्हणजे वाडीवरचे आजचे मूल आणि उद्याचा तुझा मधुमेही, हा एकच माणूस असू शकतो," आत्या म्हणते. "खोपोलीच्या कारखान्यात किंवा महामार्गावरच्या हॉटेलात त्याला नोकरी लागेल, हातात वडापाव आणि गोड चहा येईल, आणि मग तू त्याला भात सोडायला सांगशील. त्याच्या आईला नऊ महिने डाळ मिळाली असती तर?"

भाचा हे मान्य करतो, पण एक रेघ ओढतो: "उद्याचा रोग टळावा म्हणून आजच्या रोग्याला सल्ला न देणे हेही चूकच. तुझी रक्तशर्करा गर्भातल्या इतिहासाची वाट पाहणार नाही."

"मान्य. घरातला भात आजपासून कमी होईल. पण शेतातला होणार नाही."

हा भेद आत्या जाणून करते. कर्जतच्या भात संशोधन केंद्राची सुरुवात १९१९ ची. आज ते दापोलीच्या कृषी विद्यापीठाकडे आहे, आणि कर्जत नावाने ओळखल्या जाणाऱ्या जाती व सह्याद्री हे संकरित वाण तिथूनच आले. या साऱ्या खटपटीमागे भूक होती. ठाकर वाड्यांत पावसाळ्याच्या तोंडाला घरचे धान्य संपे, सावकाराकडून खावटी घ्यावी लागे आणि सुगीत ती जबर वाढीने फेडावी लागे. ती साखळी तोडण्यासाठीच काशेळ्याच्या अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने वाड्यांवर धान्य बँका उभ्या केल्या. ज्या तालुक्यात भाताच्या कोठीने माणसे कर्जातून सोडवली, तिथे भाताला शत्रू ठरवणारी भाषा कानाला खटकते, आणि ती खटकणे योग्यच आहे. खाचरे मोडून बंगले उठतात ते मात्र कोणी भात खाणे सोडल्यामुळे नव्हे, जमिनीच्या भावामुळे. त्या नुकसानीचे खापर आहारतज्ज्ञांवर फोडता येत नाही.

संवादातून निघणारा निर्णय दोन माणसांसाठी दोन प्रकारचा आहे आणि तो तसाच राहिला पाहिजे. बसून काम करणाऱ्या, पोट सुटलेल्या, रक्तशर्करा वाढलेल्या आणि डाळ, अंडी, मासळी परवडणाऱ्या माणसाने भात व साखर कमी करणे हिताचे आहे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर साखर एकदम उतरण्याचा धोका असल्याने आधी औषधाची मात्रा डॉक्टरांकडून बदलून घेतली पाहिजे. ज्याच्या ताटात भात काढल्यावर काहीच उरत नाही, त्याला हा सल्ला देणे अन्यायाचे आहे, आणि दवाखान्याच्या भिंतीवरच्या सरसकट तक्त्यातून नेमके तेच घडते. भाचा तो तक्ता काढण्याचे कबूल करतो आणि त्याच्या जागी काय लावावे असे विचारतो.

आत्या म्हणते, "भात काढा असे लिहिण्याऐवजी डाळ वाढवा असे लिही. आणि ती कुठून आणायची हे वाडीवरची बाई विचारेल, त्याचे उत्तरही तयार ठेव."

ते उत्तर आज तरी कायद्यात नाही. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक माणसाला दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्याचा हक्क दिला, आणि जानेवारी २०२३ पासून ते धान्य मोफत आहे. परंतु कायद्यात धान्य म्हणजे तांदूळ, गहू आणि भरड धान्य एवढेच, त्या हक्कात डाळीचा समावेश नाही.