कापडाचं आयुष्य

तरुण मुलामुलींच्या कपड्यांवर बोलायला बसलं की आपलं बोलणं दोन मिनिटांत लांबीवर येतं. केवढा आखूड, केवढा तंग, केवढा ढगळ! सरकारलाही हा विषय आवडतो. डिसेंबर 2020मध्ये शासकीय कर्मचाऱ्यांच्या जीन्स-टीशर्टवर परिपत्रक निघालं, मार्च 2024मध्ये शिक्षकांची पाळी आली. देवळांच्या दारावर पाट्या लागल्या. या सगळ्या बोलण्यात कापड मात्र कुठेच नसतं. ते कशाचं आहे, कुणी विणलं, किती धुण्यांना पुरेल आणि फाटल्यावर त्याचं काय होणार, हे कुणी विचारत नाही. गेल्या तीस-चाळीस वर्षांतला खरा मोठा बदल मला तिथे दिसतो, आणि तो एकट्या तरुणांनी घडवलेला नाही.

लांबीचा वाद आधी बाजूला करते, कारण तो दर पिढीला नव्याने होतो. नऊवारी सोडून गोल पातळ नेसू लागलेल्या सुनांना बोल लागले. पुढे त्याच सुना सासवा झाल्या आणि पंजाबी ड्रेसवर बोलू लागल्या. शिक्षिकांनी तो शाळेत घालावा की नाही यावर कितीतरी स्टाफरूममध्ये वर्षानुवर्षं भांडणं झाली. आज तोच ड्रेस सभ्य पोशाखाचा नमुना मानला जातो. आणि घरातल्या गाऊनवर ओढणी टाकून कोपऱ्यावरून कोथिंबीर आणणाऱ्या बाईला आपली संस्कृती बुडाली असं कुणी म्हणत नाही. सोय झाली की पोशाख आपला होतो.

पण पोशाख ही नुसती सोयीची बाब कधीच नव्हती. डिसेंबर 1927मध्ये महाडच्या सत्याग्रहाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर जमलेल्या अस्पृश्य स्त्रियांशी वेगळं बोलले. लुगडं नेसण्याच्या तुमच्या पद्धतीवरून तुमची जात ओळखू येते, ती पद्धत सोडा, वरच्या जातींतल्या बायका नेसतात तसं नेसा, अंगावरचे ते जड दागिने टाका, असं त्यांचं सांगणं होतं. बायकांनी ते लगेच अंमलात आणलं. गुडघ्याशी थांबणारं लुगडं घोट्यापर्यंत आलं. कुणी काय नेसायचं हे जिथे दुसऱ्याने ठरवून दिलेलं असतं, तिथे निऱ्या सोडणं हेसुद्धा बंड असतं. हा प्रसंग ज्याने मनावर घेतला, त्याला तरुण मुलीच्या कपड्याला फुटपट्टी लावता येणार नाही. मला तरी येत नाही.

आज तालुक्याच्या एसटी स्टँडवर सकाळी कॉलेजची मुलं उतरतात. कार्गो पँट, ढगळ टी-शर्ट, पायात पांढरे बूट. यातली शेतमजुराची मुलगी कोणती आणि प्राध्यापकाची कोणती, हे कपड्यांवरून सांगता येत नाही. स्वस्त तयार कपड्यांनी हे घडवलं. झुडिओसारखी दुकानं लहान शहरांतही पोचली, जिथे जवळपास सगळंच हजार रुपयांच्या आत मिळतं. मालकाच्या पोराचे उतरलेले सदरे सालगड्याच्या पोराने घालायचे, हे ज्यांनी भोगलं त्यांना या समानतेची किंमत ठाऊक आहे. ती मला कमी लेखायची नाही.

आता त्या टी-शर्टची आतली बाजू पाहू.

आमच्या भागात एक शिंपीकाका आहेत. एके काळी दिवाळीआधी महिनाभर त्यांच्याकडे नंबर लागत नसे. आता नवं शिवायला क्वचित कुणी येतं. जीन्सची लांबी कमी करणं, ब्लाऊजचं फिटिंग, पिको-फॉल, चेन बदलणं, एवढंच काम उरलं आहे. मी त्यांच्याकडे भाचीची पँट कमरेला सैल करायला नेली. त्यांनी ती उलटी केली, शिवणीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “ताई, हिला उसवायला जागाच नाही. आत माया सोडलेलीच नाही.” मग त्यांनी स्वतः शिवलेली एक जुनी पँट काढून दाखवली. मागच्या शिवणीत दोन्ही बाजूंना बोटभर कापड आत दुमडलेलं होतं. पोट सुटलं तर पँट सुटेल, पुढे मुलाला होईल, नातवाला होईल, हे शिवतानाच धरलेलं. शाळेचे कपडे तर वाढत्या अंगाचेच शिवत. पहिलं वर्ष बाह्या लोंबायच्या, तिसऱ्या वर्षी दुमड पूर्ण सुटलेली असायची आणि तिथे जुन्या घडीची गडद रेघ दिसायची.

साडीचंही तसंच. मधे विरली की विरलेला भाग कापून दोन्ही धड टोकं जोडत, म्हणजे दंड घालत. त्यानंतर तिचं जुनेर, मग गोधडी, शेवटी पोतेरं. या काटकसरीत गरिबी होती आणि बायकांचे न मोजलेले श्रम होते, म्हणून तिचे गोडवे गाताना मी जपून गाते. पण कापड हाताला कळायचं. आजचं बरंचसं स्वस्त कापड पॉलिएस्टरचं असतं. ते पाणी शोषत नाही, म्हणून ओटा पुसायलाही चालत नाही. त्याची गोधडी ऊब कमी आणि घाम जास्त देते. ते कुजत नाही, ते फक्त नजरेआड होतं.

सुती असेल तर हिशेब आणखी बोचतो. 2024-25च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 7521 रुपये होता. शंभर किलो कापसातून सरकी वेगळी केली की साधारण 34 किलो रुई निघते. टी-शर्टला दोनशे ग्रॅम कापड लागतं. कताई-कटाईतली घट धरूनही पाऊण किलो कापूस पुरे, म्हणजे पंचावन्न रुपयांच्या आसपास. पाचशेच्या टी-शर्टमधले इतकेच यवतमाळच्या शेताकडे जातात, तेही हमीभाव पदरात पडला तर. शिवणाऱ्या हातांचं काय होतं ते 24 एप्रिल 2013ला ढाक्याजवळ साव्हारमध्ये जगाला दिसलं. राणा प्लाझा कोसळली, अकराशेहून अधिक कामगार गेले. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी ऑर्डर पुरी करायची म्हणून त्यांना आत पाठवलं होतं.

आपल्याला हे परकं वाटू नये. मुंबईत 1850च्या दशकात पहिली कापड गिरणी सुरू झाली. 18 जानेवारी 1982ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि बहुतेकांना परतायला गिरणीच उरली नाही. लोअर परळला फिनिक्स मिलच्या जागेवर आज मॉल आहे. जिथे कापड विणलं जायचं, तिथे आता जगभरातल्या ब्रँडचे शर्ट टांगलेले असतात आणि ते विणणारा माणूस गिऱ्हाइकाच्या नजरेला पडत नाही. तरुणांना कापड कळत नाही अशी तक्रार करणाऱ्यांनी ही गाठ कुणी तोडली तेही सांगावं.

परंपरेच्या नावाने चाललेली खरेदी यातून सुटलेली नाही, आणि मला याचंच जास्त वाईट वाटतं. डोंबिवलीत 1999मध्ये सुरू झालेली गुढीपाडव्याची शोभायात्रा आता गावोगाव निघते. नऊवारी, फेटा, गॉगल, बुलेट. मुली देखण्या दिसतात, मला त्यांचं कौतुक आहे. वडीलधारी मंडळीही खूश असतात. पण त्यातल्या कितीतरी नऊवाऱ्या शिवलेल्या, एका दिवसापुरत्या असतात. खणाचंही हेच झालं. गुळेदगुड्डच्या हातमागावरच्या खणाला नवे दिवस आले म्हणेपर्यंत त्याच नावाचा कृत्रिम धाग्याचा माल बाजारात ढिगाने आला, आणि दोन्हींतला फरक हाताला कळणारं गिऱ्हाईक थोडं उरलं. आखूड स्कर्टवर डोळे वटारणाऱ्यांना एकदाच घालून टाकून दिलेली नऊवारी चालते, कारण ती अंगभर असते.

दुरुस्तीची सुरुवातही तरुणच करताहेत. आईच्या साडीचा कुर्ता, आजोबांचा कोट, इन्स्टाग्रामवरून घेतलेला दुसऱ्याचा वापरलेला शर्ट, हे सगळं ते मिरवून घालतात. जुन्या कपड्यावर भांडं देणाऱ्या बोहारणीच्या टोपल्याकडे आपण नाक मुरडलं. या मुलांना वापरलेल्या कपड्याची लाज वाटत नाही, ही फार चांगली गोष्ट आहे. त्यांना अडतं ते पुढे. शिवण उसवली की सुई धरता येत नाही, आणि शिंपीकाकांचा मुलगा मोबाइलच्या दुकानात कामाला आहे.

शिवणकाम पूर्वी मुलींच्या शाळांत शिकवत. ते मुलींवरच लादलेलं होतं, म्हणून सुटलं तेव्हा कुणाला वाईट वाटलं नाही. आता कार्यानुभवाच्या तासाला ते परत आणावं, मुलगे आणि मुली दोघांसाठी. बटण लावणं, उसवलेली शिवण घालणं, दुमड सोडणं, सुती आणि पॉलिएस्टर हाताने ओळखणं, एवढं सातवीपर्यंत प्रत्येकाला यावं. शिकवायला गावातला शिंपी बोलवावा आणि त्याला तासाचे पैसे द्यावेत.