सातव्या सत्राची सही

शेतकऱ्याची सही लागते तरी कुठं? सोसायटीच्या पीककर्जाच्या कागदावर, तलाठ्याकडं, बँकेत. कुणाच्या कॉलेजच्या मार्कांसाठी माझी सही लागेल, असं मला दहावी शिकलेल्या माणसाला कधी वाटलं नव्हतं. २०२० साली ती लागली. सही खरी होती, पण ज्या मजकुराखाली केली तो खोटा होता.

शेतकीची पदवी चार वर्षांची, आठ सत्रांची. त्यातलं सातवं सत्र वर्गात नसतं, गावात असतं. पोरं एखाद्या गावात येऊन राहतात, शेतकऱ्याच्या बांधावर जातात, माहिती देतात आणि घेतातही. पोरांना कृषिदूत म्हणतात, पोरींना कृषिकन्या. करोनाआधी आमच्या गावात अशी परगावची पोरं येत. शाळेच्या पटांगणात रांगोळीनं गावाचा नकाशा काढत, आम्ही कौतुकानं पाहत उभे राहायचो.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि वसतिगृहं रिकामी झाली. परगावी जाऊन राहणं बंद झालं, तसं बऱ्याच ठिकाणी पोरांना सांगितलं गेलं की ज्यानं त्यानं आपापल्याच गावात हे सत्र करावं. माझ्या चुलतभावाची पोरगी त्यातच होती. सकाळी मोबाईलवर वर्ग. घरात रेंज नसायची म्हणून ती आमच्या धुऱ्यावरच्या लिंबाखाली येऊन बसायची. आवाज तुटायचा, चेहरे गोठून जायचे. पाऊस आला की मोबाईल ओढणीत गुंडाळून पळायची. दुपारून शेतातलं काम.

ऑगस्टच्या सुरुवातीला ती टोपलं, हातमोजे आणि कागदावर लिहिलेलं नाव घेऊन आली.

"मोठेबाबा, बीजप्रक्रियेचा फोटो पाह्यजे."

"अवं पोरी, सोयाबीन फुलावर आलं. आता कायची बीजप्रक्रिया?"

"कॉलेजात यादी देल्ली आहे. फोटो अन् शेतकऱ्याची सही लावा लागते. नाही तं मार्क नाही भेटत."

पेरणी जूनमध्ये झाली होती आणि तिचं सत्र नंतर सुरू झालं होतं. यादी मात्र बदलली नव्हती. यात पोरीचा काय दोष? घरातलं उरलेलं दोन पायली सोयाबीन मी टोपल्यात ओतलं, तिनं हात फिरवला, तिच्या भावानं फोटो काढला. महिनाअखेरीस वही आली. 'सदर शेतकऱ्यास पेरणीपूर्व बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक दाखविले व त्यांनी त्याचा अवलंब केला.' खाली मी सही केली. चहा पिऊन ती गेली.

त्याच दिवसांत सारा देश परीक्षेवर भांडत होता. आपलं राज्य सरकार म्हणे, शेवटच्या वर्षाची परीक्षा या रोगराईत नको. विद्यापीठ अनुदान आयोग म्हणे, परीक्षेशिवाय पदवी नाही. २८ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की राज्याला परीक्षा पुढं ढकलायची मुभा मागता येईल, पण परीक्षा घेतल्याशिवाय शेवटच्या वर्षाला पास करता येणार नाही. पारावर आमच्यातही दोन तट पडले. एकजण म्हणाला, "जीव वाचला तं शिक्षण." दुसरा म्हणाला, "उद्या हेच डॉक्टर, इंजिनिअर आपल्या उरावर बसतीन." मी गप्प होतो. माझी परीक्षा होऊन गेली होती आणि मी नक्कल केली होती.

आपण सेवाग्रामच्या जिल्ह्यातली माणसं. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यात शिक्षण परिषद भरली होती. गांधीजी अध्यक्ष होते. हातानं काम करत करत शिकायचं, ही नई तालीम तिथून पुढं आली. त्या हिशेबानं पाहिलं तर करोनानं एक चांगली गोष्ट केली होती. शेतकऱ्याची पोरगी शेतकी शिकायला स्वतःच्याच शेतात परत आली होती. आणि आम्ही काय केलं, तर तिच्या हाताचा फक्त फोटो काढला.

सप्टेंबर लागला. सोयाबीन वरून हिरवं दिसत होतं, पण शेंगा भरत नव्हत्या. एक दिवस पोरगी लिंबाखालून उठून वावरात शिरली, एक झाड उपटलं आणि खोड ब्लेडनं उभं चिरलं. आत लालसर नागमोडी रेघ आणि पिवळट बारकी अळी. खोडमाशी. दहा झाडं चिरली, सातांत तेच. आमच्याच नाही, त्या वर्षी विदर्भात कितीतरी शेतकऱ्यांचं सोयाबीन असंच हातचं गेलं. मी विचारलं, आता फवारू काय? ती म्हणाली, आता उशीर झाला. मग खाली मान घालून म्हणाली,

"मोठेबाबा, याच्यासाठीच तं पेरायच्या आधी बियाण्याले औषध चोळतेत."

दोघांनाही ती वही आठवली. कोणी बोललं नाही.

औषध चोळलं असतं तर सगळं पीक वाचलं असतं, असं मी म्हणत नाही. पेरणीच्या वेळी ते कोणी सांगायलाही आलं नव्हतं, आणि मीही कोणाला विचारलं नव्हतं. पण ज्या गोष्टीचा 'अवलंब केला' म्हणून मी सही केली, तीच न केल्याचं फळ माझ्या हातात होतं. आणि खोड चिरून दाखवायचं जे खरं प्रात्यक्षिक तिनं केलं, त्याचा ना फोटो होता ना सही.

मग मी चुकलो का? खूप विचार केला. सही नाकारली असती तर शिक्षा पोरीला झाली असती, अन् तीही रोगराईची. अडचणीच्या काळात सवलत द्यावी लागते. दुष्काळात सरकार वसुली थांबवते, त्यात गैर काही नाही. पण वसुली थांबवणं वेगळं आणि माफी वेगळी. पीककर्ज माफ होते, आम्ही ती माफी घेतलीही आहे. शिकण्याची माफी होत नाही. जे शिकायचं राहिलं ते राहिलंच, मग कागद काही म्हणो. त्या पोरांना लोक 'करोना बॅच' म्हणून हसतात, ते मला पटत नाही. सवलत त्यांनी मागितली नव्हती. पण ती घेणाऱ्यानं आणि देणाऱ्यानंही तिला उसनं समजावं. उसनं आणलेलं पीठ शेजारीण विसरली तरी आपण परत करतो.

म्हणून मे २०२१ च्या शेवटी मी तिला निरोप धाडला. दुसरी लाट नुकतीच ओसरत होती. गावातली चार माणसं कमी झाली होती. ती आली. ओल्या पोत्यावर शंभर दाणे मोजून ठेवले, गुंडाळले, पाणी शिंपडत राहिलो. काही दिवसांनी मोजले तर साठ उगवले. तिनं हिशेब सांगितला, शंभरात सत्तर उगवले तर एकरी तीस किलो लागते, साठाला पस्तीस लागेल. पेरणीच्या सकाळी तिनं हातमोजे घातले. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी जिवाणू खत, आणि सावलीत सुकवणं. या वेळी चोळायला मीही बसलो.

फोटो काढायचं कोणाच्या ध्यानात आलं नाही. ती वही कॉलेजात जमा आहे, माझी सहीही तिच्यात आहे. मजकूर मी बदलू शकत नाही. त्याखालची उसनवारी तेवढी फेडली.