गर्जना, कुजबूज आणि आत्मनिष्ठा

फू फायटर्स या अमेरिकन रॉक बँडचा ‘इन युअर ऑनर’ हा दुहेरी अल्बम जून २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन तबकड्या, प्रत्येकीवर दहा गाणी. पहिलीवर इलेक्ट्रिक गिटारींचा कल्लोळ, घणाघाती ड्रम आणि घसा ताणून, बहुतेक वेळा ओरडून म्हटलेले शब्द. दुसरीवर अकूस्टिक गिटार, पियानो, मेंडोलिन, व्हायोलिन आणि कानाशी येऊन बोलावे तसा आवाज. मोठ्या आणि हळुवार गाण्यांचे मिश्रण करणारे दुहेरी अल्बम रॉकच्या इतिहासात अनेक आहेत. येथे मात्र मिश्रण नाही, फाळणी आहे. बँडचा प्रमुख डेव्ह ग्रोल याने व त्याच्या सहकाऱ्यांनी ही फाळणी जाणीवपूर्वक केली, आणि ऐकणाऱ्यांनी ती एका विशिष्ट अर्थाने स्वीकारली: पहिली तबकडी लोकांसाठी, दुसरी स्वतःसाठी, पहिलीत कसब, दुसरीत मन. हा अर्थ इतक्या सहजपणे लावला जातो की त्यामागे एक नैतिक गृहीतक दडले आहे हे ध्यानात येत नाही. हळू बोलणारा माणूस खरे बोलतो आणि ओरडणारा काहीतरी झाकत असतो, हे ते गृहीतक होय. ते तपासून पाहण्याजोगे आहे, कारण कवितेच्या समीक्षेतही ते नाना रूपांनी वावरत असते.

या गृहीतकाला मोठी वंशावळ आहे. जॉन स्ट्युअर्ट मिल याने १८३३ मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात वक्तृत्व आणि काव्य यांत भेद केला तो याच धर्तीवर: वक्तृत्व श्रोत्यासाठी असते, काव्य मात्र श्रोत्याच्या कानी जणू चुकून पडते. श्रोता आहे याचा विसर ही काव्याच्या खरेपणाची खूण ठरली. पुढे लोकगीतांच्या पुनरुज्जीवनाच्या चळवळीने हाच भेद वाद्यांवर लादला. लाकडी गिटार ही लोकांची, श्रमाची, सचोटीची. विजेवर चालणारी गिटार बाजाराची. बॉब डिलनने १९६६ च्या दौऱ्यात कार्यक्रमाचे दोन भाग केले होते. पूर्वार्धात तो एकटा, अकूस्टिक गिटार आणि माउथऑर्गन घेऊन. उत्तरार्धात इलेक्ट्रिक बँडसह. त्या मे महिन्यात मँचेस्टरला उत्तरार्धाच्या वेळी एका श्रोत्याने त्याला ‘ज्यूडास’ म्हणून हाक मारली. माणूस तोच, रात्र तीच, रंगमंच तोच. तरीही मध्यंतरानंतरचे गाणे विश्वासघात ठरले. १९९८ मध्ये त्या कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण अधिकृतपणे बाहेर आले तेव्हा तेही दोन तबकड्यांवर होते, एक अकूस्टिक आणि एक इलेक्ट्रिक. ‘इन युअर ऑनर’ची रचना या इतिहासाच्या सावलीत उभी आहे, फक्त क्रम उलटा आहे.

गृहीतकाचे खंडन करणे अवघड नाही. ध्वनिमुद्रणात ‘हळू’ असे काही नसतेच; श्रोत्याच्या हातातील बटण दुसऱ्या तबकडीला पहिलीपेक्षा मोठे करू शकते. मुद्रित संगीतात जे मोठे म्हणून ऐकू येते ती आवाजाची पातळी नसून आवाजाची जात असते. क्षमतेबाहेर ताणलेल्या अॅम्प्लिफायरमुळे फाटलेला गिटारचा नाद, खरवडलेला गळा, झांजांचा न विरणारा गजर ही सारी अतिरेकाची चिन्हे आहेत. ती कितीही बारीक आवाजात लावली तरी अतिरेकच सांगतात. तसेच कुजबुजीचे. ओठांपासून दोन बोटांवर ठेवलेल्या मायक्रोफोनशिवाय ती कुजबूज उभ्या खोलीतही पोहोचली नसती. म्हणजे ज्या यंत्रणेला नाकारून हळू गाणे ‘नैसर्गिक’ ठरते, त्याच यंत्रणेचे ते अपत्य असते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण ग्रोलच्याच पूर्वायुष्यात सापडते. नोव्हेंबर १९९३ मध्ये निर्वाणा या त्याच्या आधीच्या बँडने एमटीव्हीच्या ‘अनप्लग्ड’ मालिकेसाठी न्यूयॉर्कला कार्यक्रम केला. मालिकेचे नावच विजेला नकार देणारे. प्रत्यक्षात कर्ट कोबेनची गिटार अॅम्प्लिफायरमधून जात होती आणि तो अॅम्प्लिफायर प्रेक्षकांच्या नजरेआड राहील अशी व्यवस्था केली होती. ग्रोल हा त्या काळातला सर्वांत दणकट वाजवणारा ड्रमवादक. तो सगळ्यांना बुडवून टाकील या धास्तीने निर्मात्यांनी त्याला ब्रश आणि हलक्या काड्या आणून दिल्या. त्या रात्रीचा हळुवारपणा असा सायासाने घडवलेला होता. तरीही तो खोटा होता असे म्हणण्यास त्या कार्यक्रमाचा कोणताही जाणता श्रोता धजावणार नाही.

या ‘तरीही’पाशी खरा प्रश्न सुरू होतो. दोन्ही आवाज घडवलेले आहेत, म्हणून दोन्ही सारखेच, असा निष्कर्ष काढून थांबणे ही गेल्या काही दशकांत सिद्धान्तचर्चेला जडलेली एक सोयीस्कर सवय आहे. घडवलेपण दाखवून दिले की मूल्याचा प्रश्न सुटला असे समजले जाते. वस्तुतः तो तेथून पुढे उपस्थित होतो. बा. सी. मर्ढेकरांनी ‘वाङ्मयीन महात्मता’ (१९४१) मध्ये लेखनपूर्व आत्मनिष्ठा आणि लेखनगर्भ आत्मनिष्ठा असा जो भेद सुचवला तो येथे उपयोगी पडतो. लेखकाला अनुभव खरोखर आला होता का, हे चरित्रकाराने पाहावे. लेखनाच्या आत, शब्दाशब्दाला, अनुभवाशी इमान राखले गेले का, हे समीक्षकाने. दुसरी तबकडी ‘मनातली’ म्हणून खरी ठरवणारा श्रोता पहिल्या प्रकारच्या आत्मनिष्ठेवरच समाधान मानतो. लेखनगर्भ आत्मनिष्ठेचा निकष लावायचा तर प्रत्येक गाणे कोणत्या प्रकारचे कथन आहे, कोणाला उद्देशून आहे आणि त्या प्रकाराचे दायित्व काय, हे विचारावे लागते.

पहिल्या तबकडीवरील गाण्यांची घडण या दृष्टीने पाहावी. शीर्षकगीताची प्रेरणा ग्रोलला २००४ मध्ये जॉन केरी यांच्या अध्यक्षीय निवडणुकीच्या प्रचारदौऱ्यात मिळाली. सभांना जमणारी माणसे, त्यांची आशा, आणि अनोळखी जनसमूहाला उद्देशून काहीतरी अर्पण करण्याची निकड ही त्या गाण्याची सामग्री आहे. गाणे सावकाश चढत जाते, ठेका बराच काळ अडवून धरते आणि मग सुटते. ‘बेस्ट ऑफ यू’ हे त्याच तबकडीवरील सर्वांत गाजलेले गाणे एकच प्रश्न पुनःपुन्हा, श्वास संपेपर्यंत विचारते. या गाण्यांत माहिती नाही, वर्णन जवळपास नाही. ती प्रतिज्ञेच्या, आवाहनाच्या आणि आव्हानाच्या जातीची आहेत. जे. एल. ऑस्टिनने दाखवून दिल्याप्रमाणे अशा उक्ती खऱ्या वा खोट्या नसतात. त्या पाळल्या जातात किंवा मोडल्या जातात, लागू पडतात किंवा पडत नाहीत. प्रतिज्ञेला साक्षीदार लागतात. ती मनातल्या मनात केली तर तिचे बंधन स्वतःपुरतेच राहते आणि तिच्यातून सुटका करून घेणेही तितकेच सोपे होते. म्हणून मोठा आवाज हा तेथे अलंकार नव्हे. आपले म्हणणे परत घेता येऊ नये यासाठी माणसाने स्वतःवर घातलेले ते बंधन आहे. ओरडण्याची नैतिकता असलीच तर ती येथे आहे. लायनेल ट्रिलिंगने १९७२ च्या आपल्या ग्रंथात सच्चेपणा आणि अस्सलपणा यांचा जो इतिहास मांडला, त्यात अंतरंग आणि प्रकट वर्तन यांचा मेळ हाच कसोटीचा दगड होता. प्रतिज्ञेला तो पुरत नाही. बोलताना मन कसे होते याहून बोलल्यावर माणूस कसा वागला हे तिच्या बाबतीत अधिक महत्त्वाचे असते.

दुसऱ्या तबकडीची कसोटी वेगळी आहे आणि ती ‘फ्रेंड ऑफ अ फ्रेंड’ या गाण्यावर सर्वांत स्पष्ट होते. ग्रोल १९९० च्या सप्टेंबरात निर्वाणात दाखल झाला आणि ऑलिम्पिया येथे कोबेनच्या घरी राहू लागला. त्या वर्षअखेरीस त्याने हे गाणे रचले. एक अबोल तरुण आणि त्याचा मित्र, म्हणजे कोबेन आणि बँडचा बासवादक क्रिस्ट नोव्होसेलिक, यांचे ते चित्र आहे. रेखाटणारा त्यांच्या घरात नुकताच आलेला. त्याचे पहिले मुद्रण ‘लेट!’ या टोपणनावाने १९९२ मध्ये निघालेल्या ‘पॉकेटवॉच’ या कॅसेटवर होते आणि फार थोड्यांनी ते ऐकले. एप्रिल १९९४ मध्ये कोबेनने आत्महत्या केली. २००५ मध्ये ग्रोलने तेच गाणे, बँडला बाजूला ठेवून, एकट्या गिटारवर पुन्हा मुद्रित केले आणि लक्षावधी श्रोत्यांपुढे ठेवले.

२००५ चा श्रोता ते शोकगीत म्हणून ऐकतो. ऐकणे अपरिहार्य आहे, पण वाचन म्हणून ते चुकीचे आहे. गाण्याला पुढचे काही ठाऊक नाही. ज्याच्याविषयी ते बोलते त्याची गाणाऱ्याला धड ओळखही नाही. शीर्षकातला दुहेरी षष्ठीसंबंध, मित्राचा मित्र, हे अंतर प्रामाणिकपणे राखतो. साक्ष देणाऱ्याकडून अपेक्षा असते ती नेमकेपणाची: जेवढे दिसले तेवढेच सांगावे, दिसले नाही ते दिसल्यासारखे करू नये. येथे हळू आवाज योग्य ठरतो तो अंतरंग उघडे करतो म्हणून नव्हे. कोणाच्या घरात पाहुणा म्हणून वावरताना आवाज जितका असावा तितकाच तो आहे, म्हणून. मृताविषयी बोलण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न त्या एका मृत्यूभोवती वर्षानुवर्षे घोंगावत राहिला. चरित्रे, चित्रपट, वादविवाद यांची रास पडली. अशा वेळी मृत्यूपूर्वीच लिहिलेली, काहीच न जाणणारी साक्ष एक अक्षर न वाढवता पुढे करणे हा निवडीचा भाग आहे, आणि ती निवड गाण्याइतकीच बोलते. अर्थात प्रसिद्ध करणे हेही एक कृत्यच. २००५ मध्ये त्या गाण्याला बाजारमूल्य होते हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र शोकाचा अभिनय टाळण्याची जी संधी त्या जुन्या संहितेने दिली, ती ग्रोलने वाया घालवली नाही एवढे म्हणता येते.

बाकीची अकूस्टिक गाणी या उंचीची नाहीत. ‘व्हर्जिनिया मून’मध्ये नोरा जोन्सच्या साथीने बोसा नोव्हाच्या लयीत केलेला विहार गोड आहे, पण त्यात ना साक्ष आहे ना कबुली, शैलीचा एक पोशाख चढवून पाहण्याची हौस आहे. हळू गाणे म्हणजे उघडे मन, हे समीकरण मोडून काढण्यास हे एक गाणे पुरेसे आहे.

रचनेच्या अंगाने मात्र अल्बमवर ठपका ठेवावाच लागतो. मर्ढेकरांच्या परिभाषेत सांगायचे तर विरोधलयीला दोन टोके एका ताणात धरलेली लागतात. दोन तबकड्यांत ती सोडवून ठेवली की विरोध राहतो, लय जाते. दहा गर्जना लागोपाठ आल्या की पाचव्या-सहाव्या गाण्यापासून गर्जना हीच पातळी बनते आणि मोठेपण ऐकू येईनासे होते. त्या काळी तबकडीचा सरासरी आवाज शक्य तितका वर चढवून ठेवण्याची जी चढाओढ चालली होती तिनेही भर घातली: गाण्याच्या आतले चढउतारही दाबले गेले. याउलट बीटल्सचा १९६८ चा, पांढऱ्या वेष्टनाचा दुहेरी अल्बम पाहावा. त्यातील पुष्कळशी गाणी त्या वर्षीच्या आरंभी हृषीकेश येथील मुक्कामात, अकूस्टिक गिटारवर रचली गेली होती, आणि अल्बमच्या तिसऱ्या बाजूवर ‘हेल्टर स्केल्टर’चा धुमाकूळ संपतो न संपतो तोच जॉर्ज हॅरिसनचे ‘लाँग, लाँग, लाँग’ हे जेमतेम ऐकू येणारे गाणे सुरू होते. दोन्ही गाणी एकमेकांमुळे बदलतात. त्याच वर्षी लेननने ‘रेव्होल्यूशन’ दोनदा मुद्रित केले. आधीच्या संथ रूपात हिंसक उलथापालथीला आपला पाठिंबा गृहीत धरावा की नाही यावर गायक एकाच दमात नकारही देतो आणि होकारही. नंतर केलेल्या आणि आधी बाजारात आलेल्या कर्कश रूपात केवळ नकार आहे. संथ रूपात शंका मावते, मोठ्या रूपात निर्णय. यांतले कोणते खरे, हा प्रश्न विचारणाऱ्याला दोन्ही गाणी हुकतात.

फू फायटर्सना हे पुढे उमगले असावे असे त्यांच्या २००६ च्या ‘स्किन अँड बोन्स’वरून दिसते. लॉस एंजेलिसच्या पँटेजिस नाट्यगृहात ऑगस्ट महिन्यात झालेल्या अकूस्टिक कार्यक्रमांचे ते मुद्रण. त्यात ड्रमवादक टेलर हॉकिन्सचे ‘कोल्ड डे इन द सन’ हे त्यानेच गायलेले, मुळात दुसऱ्या तबकडीवरचे हलकेफुलके गाणे आहे. मार्च २०२२ मध्ये बोगोटा येथे हॉकिन्सचा मृत्यू झाल्यानंतर त्या गाण्याच्याही वाट्याला तेच आले जे पूर्वी ‘फ्रेंड ऑफ अ फ्रेंड’च्या वाट्याला आले होते. आणि त्याच मुद्रणात ‘फ्रेंड ऑफ अ फ्रेंड’च्या लगेच मागोमाग, त्याच एकट्या गिटारवर, ‘बेस्ट ऑफ यू’ येते. फाळणी तेथे मोडली आहे. साक्षीनंतर प्रतिज्ञा, आणि तीही ड्रमवाचून. आरंभी प्रश्न स्वतःलाच विचारल्यासारखा वाटतो. मग आवाज फाटू लागतो, गिटारच्या तारा मूळ गाण्याइतक्याच जोराने छेडल्या जाऊ लागतात आणि सभागृह साथीला येते. साक्षीदार आता समोर बसलेले आहेत.