दोन गाड्या, तीन ड्रायव्हर

दाजींचं वर्कशॉप कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात. चार लेथ, कर्ज काढून घेतलेलं एक सीएनसी आणि माळ्यावर काचेची केबिन. टेबलावर कायम दोन डायऱ्या, एक येण्याची, एक देण्याची. शनिवार पगाराचा वार, आणि नेमका शनिवारीच मी तिथं जाऊन बसलो.

"काय लिहितोयस सध्या?" देण्याच्या डायरीतून मान वर न काढता दाजींनी विचारलं.

"साउबरवर. मेलबर्न, २०१५."

"कोर्टाचा कागद घेऊन सीट मागायला आलेला तो डच पोरगा नव्हं?"

रेसिंगचं दाजींना काही सांगावं लागत नाही. वाचकांसाठी सांगतो. साउबर ही तेव्हाची स्वित्झर्लंडची फॉर्म्युला वन टीम. २०१४ च्या अख्ख्या हंगामात तिला एकही गुण मिळाला नाही आणि तिजोरीत खडखडाट होता. त्या वर्षी गिडो व्हान डर गार्डे हा तिचा राखीव ड्रायव्हर. २०१५ मध्ये गाडी तुझीच, असा करार टीमने त्याच्याशी केला. नोव्हेंबरात मात्र जाहीर झालेली दोन नावं वेगळीच निघाली: मार्कस एरिक्सन आणि फिलिपे नासर. दोघांच्याही पाठीशी पैसा होता, नासरच्या मागे तर बँको दो ब्राझील उभी होती. व्हान डर गार्डे स्वित्झर्लंडमध्ये लवादाकडे गेला आणि जिंकला. टीम ढिम्म. मग पहिल्या शर्यतीच्या आठवड्यात त्याने थेट व्हिक्टोरियाचं सुप्रीम कोर्ट गाठलं. ११ मार्चला तिथेही जिंकला, दुसऱ्या दिवशी टीमचं अपील फेटाळलं गेलं. शुक्रवारी सरावाच्या पहिल्या सत्रात दोन्ही साउबर गॅरेजातून बाहेरच आल्या नाहीत, आणि आत हा गडी एरिक्सनचा ओव्हरऑल अंगात घालून उभा! टीमच्या प्रमुख मोनिशा काल्टेनबॉर्न. जन्म डेहराडूनचा, शिक्षण वकिलीचं. त्यांच्या डोक्यावर आता न्यायालयाच्या अवमानाची टांगती तलवार होती.

"एकच प्लॉट दोघांना विकणाऱ्याला आपण काय म्हणतो, दाजी?"

"प्लॉट कुठं जात न्हाई. टीम जाते."

"म्हणून करार मोडायचा?"

"मोडला न्हाई तर हंगाम सुरू व्हायच्या आधी शटर खाली. मग त्या करारातली सीट कुठं असणार होती? भंगारात?"

मी माझा ठरलेला मुद्दा काढला. अडचणीतल्या टीमकडे जिंकायला गाडी नसते, वाऱ्यावर उडवायला पैसा नसतो. शब्द तेवढा असतो. तोही फिरवला तर पुढच्या वर्षी तिच्याकडे कोण येणार?

"पैसेवाला येणार," दाजी म्हणाले. "तसाच तर हा आला होता. ह्याचे सासरे मोठे उद्योगपती. चांगल्या टीमात जागा न्हाई म्हणून गडी बुडत्या टीमात शिरला. टीम बुडतीय हे काय त्याला दिसत नव्हतं?"

"पैसे बुडतील ही जोखीम त्याने घेतली होती. आपल्या पाठीमागे जागा दुसऱ्याला विकतील ही नव्हती घेतली."

"कागदावर फरक हाय खरा. पण ह्याच्या पैशापायी आधी कुणाची तरी जागा गेलीच असणार की. त्याचा कागद कुणी वाचला?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि आजही नाही. मी कायद्याच्या आडोशाला गेलो. आपल्याकडेसुद्धा व्यक्तिगत सेवेचा करार कोर्ट सहसा बळजबरीने पाळायला लावत नाही, नुकसानभरपाई देतं. मेलबर्नच्या कोर्टाने लवादाच्या निवाड्याची अंमलबजावणी केली, एवढंच.

"एवढंच?" दाजींनी पेन खाली ठेवलं. "अरे, त्या गाडीतली सीट कशी करतात ठाऊक हाय ना? ड्रायव्हरला आत बसवून त्याच्या पाठीभोवती फोम ओततात. फोम घट्ट झाला की त्याच्या मापाची सीट. दुसऱ्याला बसत न्हाई. कोर्ट हुकूम देईल, माप कोण देणार? उद्या कोर्टानं माझ्या लेथवर माणूस आणून बसवला तर जॉबचे मायक्रॉन जमतील? आणि तिथं तर तीनशेचा स्पीड."

साउबरच्या वकिलांनीही कोर्टात हेच म्हटलं होतं: गाड्या त्या दोघांसाठी बांधल्यात, याला बसवणं धोक्याचं आहे. कोर्टाने मानलं नाही. माझ्या मते बरोबरच केलं. नोव्हेंबर ते मार्च माप घ्यायला भरपूर वेळ होता.

"शेवटी शनिवारी त्याने त्या शर्यतीपुरती माघार घेतली," मी म्हणालो, "आणि मग तडजोड झाली. दीड कोटी युरोंची, असं छापून आलं होतं. टीमकडे पैसा नव्हता ना? अवमानाची पाळी आल्यावर कुठून निघाला?"

"कुठून तरी निघतो. गळ्याशी आलं की निघतो." दाजी हसले. "आणि रविवारचं सांग की. नासर पाचवा, एरिक्सन आठवा. चौदा गुण! आदल्या अख्ख्या वर्षात भोपळा. टीम तगली का न्हाई?"

तगली. पण पुढं? बँको दो ब्राझीलने हात आखडता घेतला आणि २०१७ साठी नासरलाही जागा उरली नाही. आदल्याच वर्षी ब्राझीलच्या पावसात याच नासरने नववा येऊन दोन गुण मिळवले होते. हंगामभरात टीमचे गुण तेवढेच, आणि त्यांच्या जोरावर साउबर मॅनरच्या पुढे गेली. मॅनर बंद पडली.

बोलता बोलता माझी नजर कोपऱ्यातल्या रॅकवर गेली. ग्रीस लावून वर्तमानपत्रात गुंडाळलेले कच्चे शाफ्ट, आणि वर दोऱ्याने बांधलेलं पुठ्ठ्याचं लेबल. इचलकरंजीच्या कुठल्याशा पार्टीचं नाव, तारीख सप्टेंबरची.

"हे अजून इथं कसे?"

दाजी जरा वेळ गप्प. मग म्हणाले, "त्याचा ॲडव्हान्स घेतला होता. दिवाळीच्या तोंडावर दुसरा आला, मटेरियल त्याचं, वर रोख. मशीन त्याला दिलं. पोरांचा बोनस झाला त्यात."

"आणि इचलकरंजीवाल्याला काय सांगितलंत?"

"मशीन बंद हाय म्हणून."

खालून सीएनसीचा आवाज येत होता.

चहा आला. मी काही बोललो नाही. दाजींनी स्वतःच विषय बदलला, की बदलला नाही, ते मला अजून नीट कळलेलं नाही.

"परेझचं काय म्हणशील मग?"

सर्जिओ परेझ, फोर्स इंडियाचा ड्रायव्हर. जुलै २०१८, हंगेरीची शर्यत. टीमकडे त्याचे सुमारे चाळीस लाख डॉलर थकले होते. दुसरा एक देणेकरी टीम कायमची बंद पाडायच्या बेतात होता. तेव्हा परेझ स्वतःच्या थकबाकीचा दावा घेऊन लंडनच्या कोर्टात गेला आणि टीम प्रशासकाच्या ताब्यात गेली. मालक विजय मल्ल्या बाजूला झाले, नवा मालक आला, ४०५ जणांच्या नोकऱ्या राहिल्या.

"म्हणजे हक्क वापरला तरी टीम वाचते," मी म्हणालो. "उलट हक्क वापरला म्हणूनच वाचली."

"त्याला परवडत होतं." दाजींचा आवाज चढला. "त्याच मल्ल्यांच्या विमान कंपनीत लोकांचे सात-सात महिन्यांचे पगार अडकले. ऑक्टोबर २०१२ मध्ये विमानं थांबली, आणि त्याच महिन्यात ग्रेटर नोएडाला ह्यांची रेस गाडी पळत होती. मुंबईच्या त्या पोरांचे हक्क काय परेझपेक्षा कमी होते? पण त्यांच्यात परेझ नव्हता. घरभाडं थकलेल्या माणसानं लंडनला वकील लावायचा?"

खाली भोंगा झाला. पोरं पगारासाठी जिन्याशी जमू लागली. दाजींनी गल्ल्यातली पाकिटं काढली, दोनदा मोजली, आणि एक पाकीट परत आत टाकलं. ते त्यांचं स्वतःचं असावं.

"परेझला टीमनं पुढं ठेवला ना?" जाता जाता त्यांनी विचारलं.

ठेवला. २०२२ पर्यंतचा करार दिला. सप्टेंबर २०२० मध्ये त्याला सांगितलं, पुढच्या वर्षी तुझ्या जागी सेबास्टियन फेटेल. तो कोर्टात गेला नाही. ६ डिसेंबरला बहरीनमध्ये पहिल्याच फेरीत धक्का लागून तो सगळ्यात मागे पडला, आणि तिथून येऊन त्याने शर्यत जिंकली. त्या टीमचा तो पहिला विजय. त्या रात्री त्याच्या हातात पुढच्या वर्षाचा कुठलाच करार नव्हता.