पंचवीस मिनिटांची शांतता



कार्लो आक्युटिस हे नाव आता आपल्या घराघरांत पोहोचले आहे. पोप लिओ चौदावे यांनी ७ सप्टेंबर २०२५ रोजी त्याला संत म्हणून घोषित केले. २००६ साली रक्ताच्या कर्करोगाने तो वारला तेव्हा अवघा पंधरा वर्षांचा होता. आजार कळला आणि थोड्याच दिवसांत तो गेला. त्याच इटली देशात, त्याच्या सोळा वर्षे आधी, एक मुलगी याच वाटेने गेली होती. तिची वाट मात्र लांबची होती, दोन वर्षांहून अधिक. तिचे नाव कियारा बादानो. २९ ऑक्टोबर हा तिचा जन्मदिवस आणि तोच तिचा सण. म्हणून आज तिच्याविषयी.

सास्सेल्लो हे डोंगरातले लहानसे गाव. वडील रुज्जेरो ट्रक चालवत, आई मारिया तेरेसा. लग्नाला अकरा वर्षे झाली तरी मूल नव्हते. आपले लोक मोत माऊलीकडे जातात तसे वडील पवित्र मातेच्या देवळात जाऊन प्रार्थना करीत. १९७१ साली कियारा जन्मली. एकुलती एक, पण लाडावलेली नव्हे. नऊ वर्षांची असताना ती फोकोलारे चळवळीत आली. कियारा लुबिक यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत सुरू केलेली ही चळवळ. फोकोलारे म्हणजे घरातली चूल. सगळे जिच्याभोवती बसतात ती.

संतांच्या गोष्टी सांगताना आपण त्यांना पाळण्यापासूनच हात जोडून बसवतो. कियारा तशी नव्हती. तिला टेनिस आवडे, पोहणे आवडे, नाचगाणे आवडे, मित्रमैत्रिणींबरोबर उशिरापर्यंत बसणे आवडे. आणि मोठ्या शाळेच्या पहिल्याच वर्षी ती नापास झाली. ते वर्ष तिला पुन्हा करावे लागले आणि त्याचे तिला फार वाईट वाटले. दहावी-बारावीच्या निकालानंतर तोंड लपवून बसणाऱ्या आपल्या मुलांना हे जरूर सांगा. धन्यवादित कियारा नापास झाली होती.

१९८८ सालच्या उन्हाळ्यात टेनिस खेळताना तिच्या खांद्यात अशी कळ आली की हातातली रॅकेट गळून पडली. आधी कोणाला ते फार गंभीर वाटले नाही. नंतरच्या तपासण्यांत हाडाचा कर्करोग निघाला, ऑस्टिओसार्कोमा. वय सतरा.

थोडे थांबून एक व्यावहारिक गोष्ट सांगतो. हा आजार बहुतेक वेळा वाढीच्या वयातच होतो. गुडघ्याजवळ तो जास्त आढळतो, खांद्याजवळही होतो. मुलगा फुटबॉल खेळतो, गुडघा दुखतो, आपण म्हणतो कुठेतरी आपटला असेल. मग तेल चोळणे, मालिश, हाडवैद्य. दुखणे आठवडेच्या आठवडे राहिले, रात्री झोपेतून उठवू लागले, सूज दिसू लागली तर मालिश करू नका, एक्स-रे काढा.  आजार पसरण्याआधी सापडला आणि उपचार पूर्ण घेतले तर आज निम्म्याहून अधिक मुले बरी होतात, आणि अनेकांचा हातपायही वाचतो. परळच्या टाटा रुग्णालयात अशी मुले देशभरातून येतात. तेव्हा प्रार्थना करा, नोव्हेनाही करा, पण डॉक्टरची तारीख चुकवून नव्हे.

आता कियाराकडे. १९८९ च्या मार्च महिन्यात तिला आपल्या आजाराचे खरे स्वरूप कळले. तुरीन शहरातल्या इस्पितळातून ती परत आली. आई वाट पाहत होती. तिने विचारले, कसे झाले? कियाराने सांगितले की आत्ता काही बोलू नकोस. ती पलंगावर जाऊन पडली, डोळे मिटलेले. आईला तिच्या चेहऱ्यावर सगळी झटापट दिसत होती. ती लेकीजवळ नुसती बसून राहिली. पंचवीस मिनिटे गेली. मग कियारा आईकडे वळली, नेहमीसारखी हसली आणि म्हणाली, आता बोल.

त्या पंचवीस मिनिटांत काय झाले हे तिच्या पुढच्या वागण्यावरून समजते. आपण इतक्या तरुण आहोत, मग हे का, असा प्रश्न तिलाही पडला होता. शेवटी ती जिथे पोहोचली ते तिचे वाक्य पुढे सर्वांच्या तोंडी झाले: येशू, तुला हवे असेल तर मलाही हवे.

बंधुभगिनींनो, या वाक्याच्या आपण सहज तसबिरी करतो. मला मात्र त्याआधीची शांतता जास्त मोलाची वाटते. गेथशेमनी बागेत प्रभूनेही पहिल्याच क्षणी होकार दिला नाही. प्याला टळावा अशी विनवणी त्याने केली, आणि संत मत्तय सांगतो की तो तीनदा जाऊन प्रार्थना करून आला. देवाच्या पुत्राला वेळ लागला. कियाराला पंचवीस मिनिटे लागली. आपल्यातल्या एखाद्याला पंचवीस महिने लागतील, तर त्यात श्रद्धा कमी पडली असे कोणी समजू नये. बागेत शिष्य झोपी गेले होते. कियाराची आई जागी राहिली आणि गप्प राहिली. या दोन्ही गोष्टी एकदम जमणे फार अवघड आहे.

आपण काय करतो? कोणाच्या घरी असे दुखणे आले की पहिल्या दहा मिनिटांत आपण देवाची इच्छा समजावून सांगतो. कोणी म्हणतो देव आवडत्यांचीच परीक्षा घेतो. कोणी दबक्या आवाजात विचारतो, घरात कोणाचे काही चुकले का? जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी नेमके हेच विचारले होते, पाप कोणाचे, त्याचे की आईबापांचे? दोघांचेही नाही, असे प्रभूने स्पष्ट सांगितले. तरी तोच प्रश्न आपल्या ओट्यांवर अजून विचारला जातो. होकार कियाराने स्वतः दिला. आईबापांनी तो तिच्या तोंडात घातला नाही, धर्मगुरूंनीही नाही. दुसऱ्याच्या क्रुसाला आपण हो म्हणणे फार सोपे असते.

पुढचे दिवस कठीण होते. शस्त्रक्रिया झाल्या, केमोथेरपी झाली. केस गळू लागले तेव्हा प्रत्येक बटेबरोबर ती म्हणे, येशू, तुझ्यासाठी. पाय कायमचे गेले. इस्पितळात मनाने खचलेली, व्यसनात अडकलेली एक मुलगी होती. कियाराला स्वतःला विश्रांतीची गरज असताना ती त्या मुलीबरोबर मार्गिकेतून फेऱ्या मारी. झोपायला पुढे वेळ मिळेल, असे तिचे उत्तर. आफ्रिकेतल्या बेनिनला सेवेसाठी निघालेल्या मित्राला तिने आपले साठवलेले सगळे पैसे देऊन टाकले. वडिलांना शंका होती की ही आमच्यासाठी हसते. म्हणून एकदा ते दाराच्या कुलपाच्या भोकातून पाहत राहिले. एकटी असतानाही ती तशीच होती. बापाचे मन किती पोळले असेल, याची कल्पना मुलांचे आजारपण काढलेल्यांनाच येईल.

एका गोष्टीविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. कियाराने मॉर्फिन नाकारले. त्याने शुद्ध हरपते आणि मला येशूला माझे दुखणे द्यायचे आहे, हे तिचे म्हणणे. ही तिची स्वतःची, मोकळेपणी केलेली निवड होती. ती कोणावर लादता येत नाही. पोप पायस बारावे यांनी १९५७ सालीच डॉक्टरांना सांगितले होते की वेदना शमवणारी औषधे देण्यास हरकत नाही, त्यांनी आयुष्य थोडे कमी होण्याचा संभव असला तरीही. आजही ख्रिस्तसभेची शिकवण हीच आहे. तेव्हा घरातला आजारी माणूस कण्हत असताना ‘देवाला अर्पण कर’ म्हणून औषधाची बाटली कपाटात ठेवणाऱ्यांनी कियाराचे नाव घेऊ नये.

दुसरे असे की मुलांपासून आजार लपवण्याची आपल्याकडे रीत आहे. साधी गाठ आहे, असे सांगतात. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला सगळे कळते. तो मोबाइलवर वाचतो आणि मग आईला त्रास नको म्हणून तोही काही न कळल्याचे नाटक करतो. एका छपराखाली दोघे वेगवेगळे रडतात. कियाराच्या घरात खरे बोलले गेले, म्हणून ते तिघे शेवटपर्यंत एकत्र राहिले.

तिने आपल्या अंत्यविधीची तयारी लग्नासारखी केली. पांढरा पोशाख, गीते, वाचने, सगळे आईबरोबर ठरवले. मला कपडे घालताना, आता कियारा लूचे येशूला पाहत आहे, असे म्हणत राहा, हे आईला सांगून ठेवले. लूचे म्हणजे प्रकाश. हे नाव तिला कियारा लुबिक यांनी दिले होते. ७ ऑक्टोबर १९९० रोजी, रविवारी पहाटे, जपमाळेच्या राणीच्या सणादिवशी ती गेली. एकोणीस वर्षे पूर्ण व्हायला तीन आठवडे बाकी होते. आनंदी राहा, मी आनंदात आहे, हे तिचे आईला शेवटचे शब्द. तिच्या इच्छेप्रमाणे तिचे नेत्र दोन तरुणांना दिले गेले. २५ सप्टेंबर २०१० रोजी रोममध्ये तिला धन्यवादित घोषित करण्यात आले, तेव्हा तिचे आईवडील तिथे हजर होते.

आपल्या धर्मग्रामात ज्यांच्या घरी दीर्घ आजारी आहेत, विशेषतः मुले आहेत, त्यांनी कम्युनियन घरी हवे असल्यास किंवा तैलाभ्यंग संस्कार हवा असल्यास कार्यालयात सांगावे. हा संस्कार केवळ शेवटच्या घटकेसाठी नाही, मोठ्या शस्त्रक्रियेआधीही घेता येतो. आणि मुलांना भेटायला जाणाऱ्यांना एक विनंती. आधी मुलालाच विचारा, आज कोणी आलेले चालेल का. तो नको म्हणाला तर आईला डबा देऊन परत या.