दोरीला बांधलेली बाटली

लांब पल्ल्याचा पोहणारा पाण्यात असतो आणि पाण्यावाचून सुकतो. एक लिटर समुद्रात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असते. ते बाहेर टाकायला मूत्रपिंडांना लिटरभराहून जास्त पाणी लागते. समुद्र प्यावा, तर अंगातलेच पाणी जाते. भोवती पुष्कळ आहे म्हणजे आपल्यापुरते आहे, हा समज माणसाला सहजी सोडवत नाही.

पाण्यात घाम येतो, पण दिसत नाही. शिवाय पाण्याच्या दाबाने हातापायांतले रक्त छातीकडे सरकते. शरीराची समजूत होते की रक्त वाढले, आणि ते लघवीवाटे पाणी टाकू लागते. तहानही मंदावते. टंचाईत उधळपट्टी. भरल्या घराचा भास झाला, की शहाणी माणसेही असेच वागतात.

म्हणून तहानेवर विसंबायचे नसते, घड्याळावर विसंबायचे. घड्याळ होडीत असते. दर वीस-तीस मिनिटांनी शिट्टी होते आणि दोरीला बांधलेली बाटली पाण्यात पडते. आत कोमट, गोड, किंचित खारट पाणी. एखाद्या खेपेला सोबत मऊ केळे. यकृताने आणि स्नायूंनी साठवलेली साखर दीड-दोन तास पुरते. आणि धरमतर ते मुंबईचे गेटवे हा पोहण्याचा पल्ला ३६ किलोमीटर आहे. पाठीवर वळायचे, पाच-सात घोट घ्यायचे, बाटली सोडून द्यायची. रेंगाळले तर अंग गारठते, आणि ओहोटी कुणासाठी खोळंबत नाही. भूक लागल्यावर जेवणे ही किनाऱ्यावरची चैन आहे. खाऱ्या पाण्याने जीभ सुजलेली असते. तिचे मत कोणी विचारत नाही.

कॅप्टन मॅथ्यू वेबने १८७५ मध्ये इंग्लिश खाडी पोहून पार केली. २१ तास ४५ मिनिटे लागली. वाटेत त्याला ब्रँडी, बिअर, कॉफी, मांसाचे सार आणि कॉड माशाचे तेल देण्यात आले. आजचा आहारतज्ज्ञ ही यादी वाचून डोळे मिटून घेईल. अयोग्य अन्नही वेळेवर आले तर पुष्कळदा निभावून नेते. योग्य अन्नाला उशिराची भरपाई करता येत नाही.

नियम मात्र कडक आहे. होडीला हात लावायचा नाही, होडीतल्यांनीही पोहणाऱ्याला लावायचा नाही. अन्न चालते, आधार चालत नाही. हा भेद ज्याने केला त्याला माणसांची जाण असली पाहिजे. बाटली घेऊन कोणी लहान होत नाही. बहुतेक उपकार हा भेद न उमगल्याने नासतात.

गर्ट्रूड एडर्ले १९२५ मध्ये इंग्लिश खाडीत उतरली होती. कित्येक तासांनी ती पाण्यात निश्चल दिसली. होडीवरून हुकूम सुटला, सोबतच्या पोहणाऱ्याने तिला धरले, आणि पोहणे तिथेच संपले. आपण नुसत्या विसावलो होतो, असे तिचे म्हणणे. पुढल्या वर्षी तिने प्रशिक्षक बदलला आणि मी म्हटल्याखेरीज मला कोणी हात लावायचा नाही, हे आधी कबूल करून घेतले. १९२६ च्या ऑगस्टमध्ये ती पलीकडे पोहोचली. तोवरच्या प्रत्येक पुरुषापेक्षा कमी वेळात. आदल्या वर्षीचा तो हात दुष्ट होता असे मानायचे कारण नाही. काळजीला विसावणे आणि बुडणे सारखेच दिसते.

दोरीच्या कोरड्या टोकाचे काम हलके वाटते. एक रात्र ती दोरी हातात असल्याशिवाय त्याचा भार कळत नाही. खाडीचे पाणी काळे असते. टोपीवरचा इवलासा दिवा तेवढा वरखाली होतो. पाण्यातून प्रश्न येतो, किती राहिले? अंतर सांगायचे नसते. पुढच्या बाटलीपर्यंत, एवढेच म्हणायचे. थोर पुरुषांनी यापेक्षा मोठी असत्ये सांगितली आहेत, आणि त्यांचा उपयोग याहून कमी झाला आहे.

दोरी ओढून घेताना बाटलीचे वजन आधी हाताला कळते. रिकामी हलकी येते, पाण्यावर नाचत. मग एका खेपेला दोरी जड लागते. बाटली जशी गेली तशी भरलेली परत आलेली असते. होडीतली कुजबुज थांबते. कोणी घड्याळ पाहते, कोणी दिव्याकडे. एक हात नकळत होडीच्या काठापलीकडे जातो आणि मागे येतो. थर्मासमधले पाणी अजून गरम आहे की नाही, हे बोट बुडवून पाहिले जाते. बाटली पुन्हा खाली सोडतात.