शेवंडीच्या पोटाखालची अमानत

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे जाताना आरे-वारेचे जुळे किनारे लागतात. वरच्या वळणावरून वाळू, सुरूची झाडे आणि पाणी दिसते. पाण्याखालच्या कपारी दिसत नाहीत. कोकणच्या अशा खडकाळ किनाऱ्यालगत शेवंड राहते. हिरवट अंग, शेपटीच्या प्रत्येक खंडावर पांढरा आडवा पट्टा. उष्ण समुद्रांतील प्रवाळांत तर तिचे वीतभरही न भरणारे भाऊबंद आहेत: नारिंगी, जांभळ्या ठिपक्यांचे. ते दिवसा दडतात, रात्री फिरतात. त्या अंधारात त्यांचा रंग कोणाला दिसणार? तरीही तो दिलेला आहे. अल-मुसव्विर, रूप घडविणारा, याची कारागिरी पाहणाऱ्यांच्या संख्येवर अवलंबून नाही.

शेवंड हलाल आहे काय? आपण कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई. आपल्याकडे हा प्रश्न मिटलेला आहे. हनफी बांधव मासळीखेरीज इतर जलचर वर्ज्य मानतात, त्यांच्या मताचा आदर राखावा. परंतु सूरह अल-माइदाच्या ९६ व्या आयतीकडे नीट पाहा. समुद्रातील शिकारीची मुभा देणारी तीच आयत इहराममध्ये जमिनीवरील शिकार मना करते. मुभा आणि मर्यादा एकाच श्वासात आल्या आहेत.

मादी शेवंड आपली लाखो अंडी शेपटीखाली चिकटवून वागवते. त्यांतून निघणारी पिले पानासारखी पातळ, पारदर्शक असतात आणि कित्येक महिने समुद्रावर तरंगतात. एका प्रवासात सोबत्यांनी पक्षिणीची दोन पिले उचलली, ती तडफडू लागली, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी पिले परत करविली. शेवंड तडफडून दाखवीत नाही, एवढाच फरक.

मुंबईच्या समुद्रातील वाळूत राहणारी चपटी शेवंड बेसुमार ट्रॉलिंगमुळे १९९४ पर्यंत जवळपास संपली. २००३ मध्ये केंद्र सरकारने निर्यातीसाठी किमान वजन ठरविले. आपल्या पट्टेरी शेवंडीसाठी ३०० ग्रॅम. गावच्या बाजाराला मात्र हा नियम लागू नाही. तेथे ईमानानेही पहारा द्यावा.

‘मी सोडली तर दुसरा धरील,’ असे म्हटले जाते. धरीलही. पण कोणी दुसऱ्याचे ओझे वाहणार नाही, हे कुरआनने सांगितले आहे. त्याचा हिशेब त्याच्याकडे, आपला आपल्याकडे. अंडी धरलेली मादी जाळ्यात आली तर शेपूट ओढू नये. धागा कापावा आणि तिला खडकाच्या सावलीत, पाण्यातच सोडावे.